मशीनचा रस

आमच्या घरात दर उन्हाळ्यात एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खोटी आहे. ती खोटी आहे हे मला एकट्याला माहीत आहे, कारण ती मीच रचली. गोष्ट अशी, की ब्राह्मणपुरीला आमच्याकडे पहिल्यांदा मिक्सर आला त्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मशीनवर असा रस काढला की पंगतीतल्या माणसांनी वाट्या बोटांनी पुसून खाल्ल्या, आणि उभी गल्ली जिच्या हातचा रस वाखाणायची त्या जमनाफुईचं तपेलं त्या दिवशी जसंच्या तसं आत परत गेलं. माझी थोरली बहीण कमळ ही गोष्ट फार रंगवून सांगते. कोण कुठे बसलं होतं, कोण काय बोललं, सगळं तिला पाठ आहे. आता तिची नातवंडं मध्येमध्ये तिला दुरुस्तही करतात. मी तिथेच बसलेला असतो आणि सगळे हसले की मीही हसतो. बायकोला मी खरं काय ते कधी सांगितलं नाही, मुलांना नाही, आबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसूनही नाही. पंचावन्न ओलांडली. तोंडाने जमलं नाही, निदान हाताने जमतं का पाहतो.

फुई म्हणजे आबांची मोठी बहीण, माझी आत्या. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा गेला. सासरी मागे कोणीच उरलं नव्हतं, म्हणून आबांचे वडील बैलगाडी घेऊन गेले आणि तिला घेऊन आले. तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. घरात तिला कोणी वाईट वागवलं नाही, पण तिला विचारून काही ठरलंय असंही मला आठवत नाही. कापूस कधी विकायचा, केळीला पाणी कोणत्या पाळीत द्यायचं, कमळला कुठे द्यायची, हे सगळं ठरून झाल्यावर तिच्या कानावर यायचं. वर्षातले दीड-दोन महिने मात्र घर तिच्या बोटावर चालायचं. आंबे उतरले की त्यांची आढी ती लावायची. मागच्या कोठीत गवताचे थर, मध्ये आंबे, वर पोती, आणि कोठीची किल्ली तिच्या कमरेला. त्या दिवसांत आबासुद्धा कोठीच्या दाराशी थांबून विचारायचे, "बाई, काढू का चार?" ती आत जायची, गवतात कोपरापर्यंत हात घालायची आणि न बघता नेमके पिकलेले आंबे वर काढायची. आमच्या मळ्यातल्या प्रत्येक झाडाला नाव होतं. शेप्या, खोबऱ्या, लाडू, आणि बांधावरचा एक आंबट म्हणून नुसताच आंबट्या. पाच गोड आंब्यांमागे एक आंबट्या असं तिचं प्रमाण होतं. तो पडला नाही तर रस मुका लागतो, असं ती म्हणायची.

तिचा रस काढणं हा एक सोहळाच असे. सकाळी घंगाळात विहिरीचं थंड पाणी घेऊन त्यात आंबे सोडायची. मग पाटावर बसून एकेकाचं तोंड काढायची, म्हणजे देठाकडची टोपी नखाने उडवून पहिले चार थेंब बाजूच्या परळात पिळून टाकायची, की चीक निघून गेला. मग आंबा दोन्ही तळव्यांमध्ये घोळवत राहायची, आतला गर पार सैल होईपर्यंत. कल्हई केलेल्या तिच्या तपेल्यात तो पडायचा तेव्हा एक ओला, जड आवाज यायचा. साली आणि कोयी थोड्या दुधात धुऊन ते धुवण परत रसात. वर तुपावर परतलेली सुंठ, चिमूटभर मीठ. तिच्या रसात लहान लहान गुठळ्या राहायच्या आणि त्या जिभेवर आल्या की आम्ही मुलं गप्प व्हायचो.

हे मशीन आणलं जवाईंनी. कमळचं लग्न सुरतेकडे नोकरी करणाऱ्या मुलाशी झालं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच अखजीला ती माहेरी आली आणि तिला आठ दिवस आधी पोचवायला आलेले जवाई एक खोकं घेऊन उतरले. आत काचेचं उभं भांडं, खाली पांढरा जड बैठा खोका, त्यावर तीन बटणं. गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. ती आली होती मळ्यातल्या मोटारींसाठी. घरात दोन दिवे आणि ओसरीवर रेडिओसाठी एक प्लग, एवढंच होतं. तेव्हा रेडिओ खाली उतरला आणि मशीन रेडिओच्या टेबलावर बसलं. मी त्या वर्षी कॉलेजात सायन्सला होतो. आबांनी चारचौघांसमोर जाहीर केलं, "मशीनले भाऊशिवाय कोनी हात लावानं नही." घरात मला सगळे भाऊच म्हणायचे.

ते आठ दिवस मी इतका मोठा कधीच नव्हतो. मशीनबरोबर इंग्रजीत छापलेली एक पुस्तिका होती आणि ती वाचता येणारा गल्लीत मी एकटाच. जवाई म्हणायचे, "चलो सायन्सवाले, चालू करो!" आणि मी पुस्तिका उघडून, बोट ठेवून, मोठ्याने दोन ओळी वाचून मगच बटण दाबायचो. वाचण्याची काही गरज नव्हती. घरच्या केळांचं दूध झालं, तापीच्या वाळूतल्या टरबुजांचा रस झाला, लिंबाचं सरबत झालं, आणि माय नको नको म्हणत असताना ताकसुद्धा झालं. मशीन सुरू झालं की दिवा मंद व्हायचा आणि ओसरीच्या खालची कुत्री उठून पळायची. समोरचे नथ्थूबाबा रोज सकाळ-संध्याकाळ पाहुण्यासारखे येऊन बसायचे. टरबुजाचा पेला रिकामा करून, मिशा पुसून ते म्हणाले, "भाऊ, हाई मशीनमा मन्ही म्हातारी टाकी दिधी तं जवान व्हई का रे?" पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "पहिले तुम्हीच बसा तेन्हामा!" ओसरी हसून लोळली.

फुई या सगळ्यात येऊन उभी राहायची आणि पेला हातात दिला की पदराने धरून प्यायची. केळाचं दूध तिला आवडलं. तिने मला दोनदा मागितलं. मुद्दाम लिहितो, कारण कमळच्या गोष्टीत फुई पहिल्या दिवसापासून मशीनवर डोळे वटारून असते. तसं काहीच नव्हतं. तिला मशीनचा राग नव्हता. फुगलो होतो तो मी. सरबताचा चौथा का पाचवा पेला भरताना मीच म्हणालो, "अखजीले रसबी मशीनवरच. हातना रस आते बंद." आबांनी जवाईंकडे पाहिलं, जवाई खुश झाले, नथ्थूबाबांनी मांडीवर थाप मारली, "मंग लागू द्या शर्यत! एकीकडे मशीन, एकीकडे जमनाबाई!" फुई हसली. म्हणाली, "लागू द्या." तिला ती थट्टाच वाटली असावी.

आता अखजीचं सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे घरोघर पितरांची घागर भरतात. नवी घागर पाण्याने भरायची, वर लहान मडकं ठेवायचं, शेजारी रसाची वाटी आणि खापरावरची पुरणपोळी, आणि गोवऱ्यांच्या विस्तवावर तूप सोडून पितरांना घास द्यायचा. त्यांनी घेतल्याशिवाय घरात आंबा कोणी तोंडाला लावायचा नाही. मोसमातला पहिला आंबा त्यांचा. आणि त्यांचा रस आधी चाखायचाही नाही, चाखला की उष्टा झाला. म्हणून फुई इतकी वर्षं अखजीचा रस न चाखताच काढत आली होती, वासावर आणि बोटांच्या अंदाजावर. मोठ्या घागरीच्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात, ती स्वतःच्या हाताने आणखी एक लहान घागर मांडायची. ती तिच्या नवऱ्याची. त्याला पाणी देणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. तीन वर्षांच्या संसारातलं तिच्याकडे बाकी काय उरलं होतं मला ठाऊक नाही. ही वाटी होती.

याचा अर्थ असा, की आठ दिवस मी मशीनमध्ये जे मिळेल ते फिरवलं, पण आंबा एकदाही फिरवला नव्हता. अखजीच्या सकाळी मशीनने पहिल्यांदा आंबा पाहिला. ओसरीवर पंगत मांडायची म्हणून त्या दिवशी ओसरीच्या प्लगपासून लांब वायर ओढून मशीन माजघरात ठेवलं होतं. लवकर पिकणाऱ्या दोन आगाप झाडांचे आंबे फुईने आढीतून काढून अर्धे मला मोजून दिले, आंबट्यासकट. मी ते धुतले आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे चिरले. पुस्तिकेत लिहिलं होतं, फळ धुऊन तुकडे करून टाका. ज्याने कोणी ती लिहिली त्याच्या देशात आंब्याला तोंड असतं हे त्याला माहीत नसणार. मी सालीसकट फोडी टाकत होतो तेव्हा फुई पाटावरून म्हणाली, "तोंड काढ रे भाऊ, चीक ऱ्हास. आनि साल नको टाकू."

मी म्हणालो, "मशीनले चीक लागत नही, फुई."

ती आंबा घोळवत राहिली.

सणाचा दिवस, पण मळ्यातल्या मोटारी चालूच होत्या आणि वीज मलूल होती. मशीन नेहमीसारखं गरजेना. गुरगुरायचं, अडायचं, पुन्हा ओढायचं. आमच्या गावठी आंब्यांच्या दोऱ्यासारख्या रेषा त्याच्या पात्यांना गुंडाळल्या गेल्या. भांडं हाताला गरम लागायला लागलं. सात-आठ वेळा भरून एक स्टीलचं पातेलं झालं. तेही नवंच, जवाईंनी आणलेलं. त्यात फिकट पिवळा फेस वर आला होता, साबणाच्या पाण्यावर येतो तसा. तोवर फुईचं उरकलं होतं. तिने तपेल्यावर ओलं फडकं टाकलं आणि माय, कमळ आणि ती, तिघी घागरीचं पाणी आणायला मागच्या विहिरीवर गेल्या. आबा आणि जवाई ओसरीवर पानं मांडत होते. माजघरात मी, दोन भांडी आणि ते मशीन.

मी बोट बुडवलं आणि चाखलं. त्या घरात पितरांच्या आधी आंबा चाखणारा मी पहिला असेन. रस कडू होता. आधी गोड, मग घशात उतरताना सालीचा आणि चिकाचा कडवटपणा असा की जीभ आक्रसली. मग मी फुईच्या तपेल्याचं फडकं उचललं आणि त्यातही बोट घातलं. त्या चवीबद्दल आज एवढंच लिहितो, की मला रडू आलं. फुईच्या रसाच्या प्रेमाने नव्हे. बाहेर सगळी गल्ली जमत होती, नथ्थूबाबा कोणाला तरी मोठ्याने शर्यतीचं सांगत होते, जवाई हसत होते, आबा हसत होते, आणि मी आता बाहेर जाऊन काय सांगणार होतो?

सांगायचं एवढंच होतं, की बिघडला. आज वाटतं, चार दिवस चेष्टा झाली असती, पाचव्या दिवशी कोणाला आठवलंही नसतं. अठरा वर्षांच्या पोराला चार दिवस फार मोठे वाटले.

मी स्टीलच्या पातेल्यातला रस एका कळशीत ओतला. फुईचा रस तपेल्यातून पातेल्यात घेतला. कळशीतला तपेल्यात गेला. जमिनीवर सांडलं ते मी पायाने पुसलं. मग लक्षात आलं, गुठळ्या. फुईच्या रसातल्या गुठळ्यांवरून आंधळ्यानेही ओळखलं असतं. म्हणून तो रस मी काचेच्या भांड्यात थोडा थोडा घालून फिरवला. चार वेळा मशीन चालवलं. तपेल्यातला फेस पळीने काढून मागच्या दाराने म्हशीच्या टोपल्यात टाकला आणि फडकं होतं तसं अंथरलं. घागरी घेऊन तिघी आत आल्या तेव्हा मी काचेचं भांडं विसळत होतो.

पितरांचा रस नेहमी फुईच्या तपेल्यातूनच जायचा. त्यात शर्यत नव्हती, ते कोणाच्या मनातही आलं नाही. आबांनी त्यातून मोठ्या घागरीची वाटी भरली, विस्तवावर तूप सोडलं, घास दिला. फुईने आपल्या कोपऱ्यात बसून लहान वाटी भरली, त्याच माझ्या कडू रसाने, आणि घागरीशी ठेवून डोळे मिटून हात जोडले. मी मागे उभा होतो. फार वेळ ती डोळे मिटून होती. मला तेव्हाही बोलता आलं असतं. ते ठिकाण मी या चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मी गप्पच उभा असतो.

मग पंगत बसली. पुरणपोळ्या, कुरडया, भजी, पुरणाच्या कटाची रशी, आणि प्रत्येक पानाशी दोन वाट्या. उजवीकडे मशीनचा, डावीकडे फुईचा. पुढचं कमळ सांगते तसंच झालं. जवाईंनी उजवी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवलीच नाही. नथ्थूबाबा म्हणाले, "हाई काय रस शे का अमृत?" आणि मग डावी वाटी उचलून एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं की समोरची पोरं खिदळली. "जमनाबाई, औंदा आढी चुकनी का?" कोणी तरी म्हणालं, वय झालं आता. कोणी तरी म्हणालं, हात थकला. आबा बोलले, "बाईनं जलमभर केलं. आते हातले आराम." ते प्रेमानेच म्हणाले. ते सगळे प्रेमानेच बोलत होते.

आमच्याकडे बायका मागून जेवतात. फुई पानावर बसली तेव्हा निकाल लागून गेला होता. मायने पातेलं पुढे केलं, "बाई, जवाईंसना मशीनना चाखा तं खरं." मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो. फुईने वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. ती थांबली. पुन्हा बोट लावलं. मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी ते विसरलो असतो. ती नुसती पाहत होती, एखादी वस्तू नेहमीच्या जागी नाही म्हणून माणूस पाहतं तशी.

"चांगला शे वं," ती मायला म्हणाली. "मशीनलेबी हात ऱ्हास, माले आज समजनं."

आणि तिने तपेलं जवळ ओढलं. कोणी न खाल्लेला तो रस वाटी वाटी करून ती एकटी खात राहिली. कमळ म्हणाली, फुई, ऱ्हाऊ दे ना, कडू शे तो. ती म्हणाली, "पितरेसना रस शे. टाकता येस का?"

दुपारी पोरी कडुलिंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या. अखजीची ती गाणी उंच चढत जातात आणि अचानक तुटतात. मी मागच्या अंगणात गेलो तर मोरीशी फुई राखेने तपेलं घासत होती. मला पाहून हात न थांबवता म्हणाली, "मशीन दुसऱ्यांदा कसाले चालनं व्हतं रे, भाऊ? विहिरीवर आवाज उना."

"भांडं धोवासाठे," मी म्हणालो.

"हं." तिने पाणी ओतलं. तपेलं उलटं करून निथळत धरलं. मग खालच्या आवाजात, मला घाबरवू नये अशा बेताने, "एक सांग. त्यासना वाटीमा कोनता गया? बाकी माले काही इचारनं नही."

त्यासना म्हणजे नवऱ्याच्या. नाव ती घेत नसे. तिला मी पंगतीत फसवलं ते तिने केव्हाच बाजूला ठेवून दिलं होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं.

"तुन्हाच," मी म्हणालो.

"मंग बरं," ती म्हणाली.

तिने विश्वास ठेवला असं मला वाटत नाही. तपेलं तिने एकटीने संपवलं होतं. त्या वाटीत काय गेलं हे तिच्या जिभेला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती मला दार उघडून देत होती आणि मी ते आतून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कोणी काही न बोलता कोठीची किल्ली मायच्या कमरेला आली. त्या मोसमात रस मशीनवरच निघाला. मी तोंडं काढायला लागलो, साली सोलायला लागलो, रेषा गाळून घ्यायला लागलो. ते सगळं मला कोणी शिकवलं नाही, लहानपणापासून पाटाशेजारी बसून पाहिलेलंच होतं. रस बरा व्हायचा. तरी आबा दर वेळी वाटी ठेवताना म्हणायचे, "अखजीनी चव काही येत नही." मी म्हणायचो, वीज कमी आहे. फुई तिथे नसायची. श्रावणात गावातल्या बायका प्रकाशा नावाच्या तीर्थाला गेल्या, तापीत अंघोळ करून देवदर्शन करायला. ते आमच्याकडे काशीच्या जागी मानतात, आणि तिथे माणूस आवडीचं काही तरी सोडून येतं. कोणी कारलं सोडतं आणि पुण्य पदरात पाडतं. फुई ओल्या लुगड्याने घरी आली आणि मायला म्हणाली, "आंबा सोडी दिन्हा मी." गल्लीभर तिच्या वैराग्याचं कौतुक झालं. आबांनी डोळे पुसले. मी आत जाऊन पुस्तक उघडून बसलो.

एकदा, फक्त एकदा, मी सांगण्याच्या अगदी काठावर आलो होतो. मला पाटबंधाऱ्यात नोकरी लागून तीनेक वर्षं झाली होती. फुई आजारी आहे म्हणून पत्र आलं, आठ दिवसांची रजा काढून गेलो. तिला गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी फळांचे रस द्या म्हणून सांगितलं होतं आणि घरात सगळे म्हणाले, बरं झालं मशीन आहे. ते आता जुनं झालं होतं, काचेच्या भांड्याचा कान तुटला होता. मी सकाळ-दुपार तिच्यासाठी रस करायचो. मोसंबी, डाळिंब, चिकू घालून दूध. कोठीत आढी लावलेली होती आणि वास सगळ्या घरात भरला होता, पण आंबा आता तिचा राहिला नव्हता. ती खाटेवर पडून माझ्याकडे पाहत राहायची. एका दुपारी मी मोसंबीच्या फोडी भांड्यात टाकत होतो तेव्हा म्हणाली, "वरनं पांढरं काढ रे भाऊ. कडू व्हस."

माझा हात बटणावरच राहिला.

फडक्यातून गाळून पेला तिच्या तोंडाला लावला. दोन घोट घेऊन तिने माझं मनगट धरलं. हात वाळून गेला होता, पण पकड तीच, आंबा घोळवणारी. "तुले काही सांगनं शे का?" तिने विचारलं.

माजघरात कोणी नव्हतं. माय मळ्यात होती, आबा ओसरीवर डुलकी घेत होते. अशी वेळ पुन्हा येणार नव्हती आणि हे मला त्या क्षणी कळत होतं.

"नही, फुई. रस पी," मी म्हणालो.

तिने पेला रिकामा केला. माझ्या हातचं काही वाया जाऊ नये असं तिला शेवटपर्यंत वाटत असावं. त्या पावसाळ्यात ती गेली.

आता अखजीला कोपऱ्यात दोन लहान घागरी मांडतात, तिच्या नवऱ्याची आणि तिची. माय होती तोवर मायने मांडल्या, हल्ली त्या दिवसासाठी कमळ मुद्दाम येते. नवऱ्याच्या घागरीशी रसाची वाटी असते. फुईच्या घागरीशी नसते. तिने आंबा सोडला होता ना, मग पितरांत गेली म्हणून काय झालं, नेम तो नेमच, असं कमळ म्हणते. तिथे पुरणपोळी, तूप आणि पाणी. मग पंगत बसते, मिक्सर फिरतो, एखादं पोर म्हणतं, आजी, ती मशीनची गोष्ट सांग, आणि कमळ पदर खोचून सुरू करते. माझ्याच्याने घरात मिक्सरचा आवाज सुरू झाला की बसवत नाही. बायकोला वाटतं माझे कान नाजूक आहेत.

हे कागद मी कमळच्या हातात देणार आहे. दिले तर. हे दोन शब्द लिहितानाही मी दार थोडं लोटूनच ठेवलं आहे, हे मला दिसतं आहे.

फुईच्या घागरीशी जी वाटी नसते, ती मी तिला देणं लागतो. तिच्या नवऱ्याला एक चांगली वाटी देणं लागतो. आणि घरातल्या सगळ्यांना, गोष्ट संपून हसू ओसरायच्या आत, एवढंच सांगणं लागतो, की त्या दिवशी तुम्ही वाखाणलात तो रस जमनाफुईच्या हातचा होता, आणि कडू होता तो माझा.